शनिवारच्या सह्या

सरांच्या डब्यात त्या दिवशी भरली वांगी होती. बारा वर्षं होऊन गेली तरी मला हे लख्ख आठवतं. ओव्हनमधून काढलेला गरम डबा मी त्यांच्या टेबलावर ठेवला, झाकण निघताच मसाल्याचा वास लॅबभर पसरला आणि त्या वासातच मी म्हणाले, "सर, टेंभळीचा सीक्वेन्स आलाय. विचित्र आहे."

"विचित्र म्हणजे?"

"पुढचा भाग सौम्य जातीसारखा आहे. मागचा जहाल जातीसारखा."

डॉ. टोळे सरांचा घास हातातच राहिला. खरकट्या हातानं ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले, "प्रणिता, तुला कळतंय का तू काय म्हणतेस? दोन जातींनी एकमेकींत मिसळून नवी जात तयार केलीय. आपल्या जिल्ह्यात! आपल्या लॅबमध्ये!"

मला कळत होतं. आनंदही झाला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी सरांवर बरंच तोंड सोडणार आहे, तेव्हा माझा वाटा वेगळा काढलेला बरा.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. विषय होता संत्र्याच्या झाडांना होणारा ट्रिस्टेझा नावाचा विषाणू. या विषाणूची सगळी कुंडली आरएनएच्या एका धाग्यावर लिहिलेली असते, एकोणीस हजारांच्या वर अक्षरांत. सौम्य जात झाडात असली तरी झाड आयुष्यभर फळं देतं. जहाल जात शिरली तर पाच-सात वर्षांत झाडाचं लाकूड होतं. हा विषाणू कलमातून पसरतो. ज्या झाडाचे डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, काढून कलमं बांधतात, त्या मातृवृक्षातच तो असेल तर त्याच्या हजारो लेकरांत जातो. म्हणून आम्ही रोपवाटिकांमधल्या मातृवृक्षांची साल आणून, एका रोपवाटिकेची एकत्र कुटून, तपासत होतो.

दीड महिन्यात सगळं झालं. शोधनिबंध स्वीकारला गेला, त्यात माझं नाव दुसरं. सरांनी नव्या जातीला गावाचं नाव दिलं, टेंभळी. वर्तमानपत्रात सरांचा सूक्ष्मदर्शकावर वाकलेला फोटो आला. या कामात सूक्ष्मदर्शक लागतच नाही, पण फोटोला लागतो. आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जिल्ह्यातून आदेश निघाला, की सरांच्या शिफारशीनुसार टेंभळीच्या गुंफाबाई चोपडे यांच्या रोपवाटिकेतले सहाही मातृवृक्ष शुक्रवारी तोडून जाळून टाकायचे.

त्यावर बाईंची सही हवी होती. सरांना उंटावरून शेळ्या हाकायची सवय. सही आणायला मंगळवारी मला पाठवलं.

गुंफाबाई जंबेरीच्या रोपांच्या ओळीत पोत्यावर बसून डोळे भरत होत्या. जंबेरी म्हणजे आंबट, काटक झाड; त्याच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवतात. वय साठीच्या पुढचं, हातात चाकू, आणि बांधायच्या प्लॅस्टिक पट्ट्यांचा जुडगा दातांत धरलेला. त्या पट्ट्यांतूनच त्या बोलल्या.

"बस. पानी घे मडक्यातलं. कोठची व तू?"

"परतवाड्याची."

"मंग अशी पुस्तकावानी कायले बोलतं?"

मी हसले, पाणी प्यायले आणि आदेश वाचून दाखवला. दुसऱ्या ओळीलाच त्यांनी तोंडातल्या पट्ट्या काढून मांडीवर ठेवल्या.

"कोनते झाडं?"

"हे सहाही. मातृवृक्ष."

"हे झाडं कोठून आले, माहीत हाय का तुले?"

"मावशी, ते कुठून आले याच्याशी..."

"माह्या लग्नात आले. माह्या बापानं सोनं नाई देल्लं, डोळकाडी देल्ली. वल्या फडक्यात गुंडाळून माह्या ओटीत टाकली. कलमवाल्याच्या पोरीले असंच देतेत आमच्यात. गाडीत बसून अख्खी वाट मी त्याच्यावर पानी शिंपडत आली, नव्या लुगड्याचा चिखल झाला." त्यांनी चाकूच्या टोकानं झाडांकडे खूण केली. "या सहा झाडाईच्या डोळ्यावर सात गावच्या बागा उभ्या हायेत. एक तरी वाळली का, इचारून ये."

झाडं खरंच देखणी होती. पानं काळपट हिरवी, खोडं जाड. पण मी शिकलेली होते ना. मी त्यांना ऐटीत सांगितलं, की झाड निरोगी दिसतं हाच या रोगाचा कावा असतो. हा नव्या जातीचा विषाणू आहे, अर्धा सौम्य, अर्धा जहाल, दोन्ही जोडले गेले आहेत.

"जोडले गेले?" गुंफाबाईंनी शेजारचं वर्षाचं कलम वाकवून माझ्यासमोर धरलं. "हे पाह्य. इथं जोड हाय. दिसतो का?"

खुंटावर, डोळा जिथे बसवला होता तिथे, बारीकशी गाठ होती.

"दिसतो."

"आन् तिकडं पाह्य. थ्या मोठ्या झाडाले पंचेचाळीस वर्सं झाले. बुडाशी जोड दिसतो का?"

वीतभर उंचीवर खोडाचा रंग बदलला होता. खाली जंबेरीची खडबडीत साल, वर संत्र्याची गुळगुळीत.

"दिसतो."

"जोड असंन तं दिसतेच. झाड म्हातारं होऊन मरते, पन जोड लपत नाई. आता सांग, तुह्या इषाणूचा जोड तू पाह्यला का डोळ्यानं?"

"कॉम्प्युटरनं दाखवला."

"कॉम्प्युटरनं दाखवला का कॉम्प्युटरनंच बांधला?"

मला राग आला. चौथी शिकलेली बाई मला जीनोम शिकवत होती. मी म्हणाले, "मावशी, सही करा, नाहीतर पोलीस घेऊन येतील. तोडायचं ते तोडणारच आहेत."

त्या उठल्या. मला वाटलं, आता हाकलतात. त्यांनी सहाही झाडांच्या एकेक फांदीचा तुकडा कापला आणि वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत गुंडाळला. पहिल्या फडक्याच्या दोऱ्याला एक गाठ, दुसऱ्याच्या दोन, असं सहापर्यंत. कलमवाल्यांची ही जुनी रीत. पाण्यानं शाई पुसली जाते, गाठ पुसली जात नाही.

"तपासून आन. जोड दाखव मले. दाखवला तं सही करतो, कुऱ्हाडबी मीच मारतो."

परतीच्या एसटीत त्या सहा पुरचुंड्या मांडीवर घेऊन मी चिडून बसले होते. मोर्शी मागे पडेपर्यंत चिडलेलीच होते. त्यानंतर मात्र तो प्रश्न डोक्यात कुसळासारखा टोचायला लागला. कॉम्प्युटरनंच बांधला का?

कारण ते शक्य होतं. मशीन विषाणूचा धागा अखंड वाचत नाही. बारीक बारीक तुकडे वाचतं, लाखोंनी. मग कॉम्प्युटर एकसारखी अक्षरं असलेली टोकं एकमेकांवर बसवून लांब धागा तयार करतो. सौम्य आणि जहाल जातींत काही ठिकाणी अक्षरं अगदी एकसारखी असतात. नमुन्यात दोन्ही जाती वेगवेगळ्या असतील, तरी अशा ठिकाणी कॉम्प्युटर एकीच्या धडाला दुसरीचं शेपूट लावू शकतो. हे मला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं. तपासायची रीतही सोपी होती. जोडाच्या अलीकडे सौम्य जातीला चिकटणारा एक प्रायमर, म्हणजे काही अक्षरांचा तयार तुकडा, पलीकडे जहाल जातीला चिकटणारा दुसरा. दोघांमधला धागा सलग असेल तरच जेलच्या पातळ थरावर पट्टा उमटतो. जुन्या प्रकल्पाचे हे प्रायमर, दोन्ही जाती वेगवेगळ्या ओळखणाऱ्या जोड्यांसकट, आमच्या फ्रीजमध्ये पडून होते. मग आम्ही तपासलं का नाही? नवी जात हवी होती म्हणून. मलाही हवी होती.

बुधवारी सकाळी मी स्टोअरमधून गवतात गुंडाळलेले सहा कोरे खल काढले आणि सहा झाडांची साल वेगवेगळी कुटली. गुरुवारी दुपारी जेल तयार झाली.

जोडाचा पट्टा एकाही झाडात नव्हता.

सौम्य जातीचा पट्टा सहाही झाडांत होता, ठसठशीत. जहाल जातीचा एकाही झाडात नव्हता. जोड सोडा, त्या झाडांमध्ये जहाल विषाणूच नव्हता. आणि पुढची गोष्ट मला लगेच कळली. सौम्य जात झाडात घर करून असली की जहाल जातीला आत येऊ देत नाही. देवी टोचल्यासारखंच ते. सात गावच्या बागा पंचेचाळीस वर्षं का वाळल्या नाहीत, त्याचं उत्तर माझ्यासमोर सहा पट्ट्यांत होतं. आणि आम्ही नेमकी तीच झाडं जाळायला निघालो होतो.

मग पहिल्या नमुन्यात जहाल जात आली कुठून? आमच्या काचघरात तुलनेसाठी वाढवलेलं एक जहाल लागण झालेलं झाड होतं. टेंभळीच्या सालीच्या आदल्या दिवशी मी त्याची साल कुटली होती. त्याच खलात. खल धुऊन ओव्हनमध्ये एकशे ऐंशी अंशांवर चार तास भाजायचा असतो, म्हणजे आधीच्या नमुन्याचा कणही मागे राहत नाही.

मी ओव्हनपाशी गेले. काट्यावर साठ अंश होते. आत वरच्या फळीवर खल, खालच्या फळीवर सरांचा डबा. सरांना गार पोळीनं पित्त व्हायचं, म्हणून रोज साडेअकराला ओव्हन साठवर यायचा. परत कुणी वाढवायचं नाही. मी तो जुना खल बाहेर काढून उजेडात धरला. तळाशी केसाएवढी चीर होती आणि त्या चिरेत हिरवा भुगा वाळून बसला होता.

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. पंचेचाळीस वर्षांची झाडं एका माणसाच्या गरम पोळीपायी जाणार होती. मी तो खल आणि जेलचा फोटो घेऊन तशीच सरांच्या खोलीत गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. फोटो नीट पाहिला. मग चष्मा काढून पुसला.

"प्रायमर जुने आहेत."

"सर, जहालचे काचघरातल्या झाडावर नीट चालले, सौम्यचे या सहांवर. हे पाहा पट्टे."

"निबंध छापून आलाय, प्रणिता."

"मागे घेऊ."

"मागे घेऊ?" ते पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "भाजी परत करतेस का मंडईत? माझी वीस वर्षं आहेत त्यात. तुझी डिग्री आहे. आणि सहा झाडं म्हणजे काय जंगल आहे? नवी लावतील. सरकारी रोपं देऊ आपण त्यांना."

"ती झाडं सात गावांना वाचवतायत सर. तुमच्या डब्यापायी..."

"माझ्या डब्यापायी." त्यांनी मागच्या फळीवरून निळी वही काढून टेबलावर ठेवली. उघडली नाही, नुसता तिच्यावर हात ठेवला. "बोल ना. पूर्ण कर वाक्य."

मी वाक्य पूर्ण केलं नाही. खल उचलला आणि बाहेर आले. त्या वहीत काय होतं ते सांगतेच, पण त्या गुरुवारी मला ते स्वतःशीसुद्धा बोलायचं नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा, असं सरांबद्दल मनात म्हणत मी घरी गेले आणि सकाळची पहिली एसटी पकडली.

तोड अकराला होती. मी साडेनऊला टेंभळीच्या फाट्यावर उतरले आणि उतरल्याबरोबर मशीनच्या करवतीचा आवाज ऐकला. सर संस्थेच्या जीपनं माझ्याआधी पोचले होते आणि त्यांनी काम लवकर सुरू करवलं होतं. मी पळत गेले तेव्हा एक झाड आडवं झालं होतं आणि दुसऱ्याच्या बुडात करवत शिरली होती. गावातली पंधरा-वीस माणसं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होती. गुंफाबाई तिसऱ्या झाडाला पाठ लावून मातीत बसल्या होत्या, दोन महिला पोलीस त्यांच्या दोन्ही बाजूंना.

"थांबवा!" मी ओरडले. करवतीत कुणाला ऐकू गेलं नाही. दुसरं झाड कललं, कडकडलं आणि पडलं. मग करवतवाल्यानं मशीन बंद केली आणि माझा आवाज सगळ्यांना एकदम ऐकू आला. "थांबवा, तपासणी चुकलीय! या झाडांत जहाल रोग नाही!"

जिल्ह्याचे अधिकारी होते पुसदेकर म्हणून, वयस्कर, गळ्याला मफलर. ते सरांकडे बघायला लागले. "डॉक्टरसाहेब, ह्या कोण?"

"माझीच विद्यार्थिनी," सर अगदी मायेनं म्हणाले. "ताण आलाय तिला. पीएच.डी.चं शेवटचं वर्ष असतंच असं."

मी फोटो पुढे केला. मी भराभरा सांगत सुटले, जोड, पट्टे, सौम्य, जहाल. पुसदेकर मान हलवत होते, पण त्यांना कळत नव्हतं हे मला दिसत होतं. शेवटी मी म्हणाले, "साहेब, खल भाजला गेला नव्हता. काचघरातल्या झाडाचा रोग खलातून ह्यांच्या सालीत मिसळला. ह्या झाडांत तो नाहीच."

"खल भाजला गेला नव्हता?" पुसदेकरांना एवढं मात्र कळलं. "म्हणजे निष्काळजीपणा झाला म्हणता तुम्ही? डॉक्टरसाहेब?"

सरांनी जीपमधून निळी वही आणली. आता ती त्यांनी उघडली.

"हे ओव्हनचं रजिस्टर. रोजची नोंद असते. तारीख, तापमान, किती तास, सही. टेंभळीचा नमुना अकरा ऑक्टोबरचा. ही दहा ऑक्टोबर. एकशे ऐंशी अंश, चार तास. सही कोणाची आहे, प्रणिता?"

सही माझी होती. पल्लेदार, खाली रेघ ओढलेली.

चौदा महिने मी त्या वहीत सह्या करत होते. ओव्हनमध्ये रोज डबा असायचा आणि वहीत रोज एकशे ऐंशी अंश असायचे. तपासणीला येणाऱ्यांना वही भरलेली लागायची. म्हणून मी दर शनिवारी चहा पीत बसून सहा दिवसांच्या नोंदी एकदम भरायचे. दहा मिनिटांचं काम. सर मला सांगायचे सुद्धा नाहीत, मीच भरायचे. आणि ओव्हनच्या खालच्या फळीवर सरांच्या डब्याशेजारी रोज दुसरा डबाही असायचा. तो माझा.

"सांग," सर हळूच म्हणाले. मला वाट दाखवावी तसं. "खल भाजला होता ना?"

हो म्हटलं असतं तर शोधनिबंध राहिला असता, डिग्री राहिली असती, नोकरीही लागली असती. सरांनी एका संस्थेत माझ्यासाठी शब्द टाकलाच होता. घरी वडील निवृत्तीला आलेले, आणि मी त्यांची शिकलेली पोरगी. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. गुंफाबाईंचे नव्हते. त्या पडलेल्या दुसऱ्या झाडाकडे बघत होत्या.

"सही माझी आहे," मी म्हणाले. "खोटी आहे."

"प्रणिता!"

"साहेब, पानं उलटा. पंधरा ऑगस्ट काढा. त्या दिवशी झेंडावंदन झालं आणि लॅबला कुलूप लागलं. तरी पाहा, एकशे ऐंशी अंश, चार तास, माझी सही. लक्ष्मीपूजन काढा. त्या दिवशी मी परतवाड्याला घरी होते. तिथेही सही आहे. सगळी वही खोटी आहे. मी शनिवारी बसून भरायचे."

पुसदेकरांनी बोट थुंकीनं ओलं करून पानं उलटली. पंधरा ऑगस्ट सापडला. लक्ष्मीपूजन सापडलं. जोड, पट्टे आणि प्रायमर त्यांना समजले नव्हते, पण तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला खोटी भरलेली वही बरोबर समजते. त्यांनी वही मिटून स्वतःच्या काखेत मारली.

"तोड बंद करा," ते करवतवाल्याला म्हणाले. "दुसऱ्या प्रयोगशाळेतून तपासणी येईपर्यंत एका पानाला हात लावायचा नाही."

सर माझ्याजवळून जाताना थांबले. "माझं काही जात नाही," ते म्हणाले. "तू मेलीस."

ते बरोबर निघालं. दुसऱ्या प्रयोगशाळेनं उरलेली चारही झाडं निर्दोष ठरवली. संस्थेनं चौकशी केली आणि खोट्या नोंदींबद्दल माझी पीएच.डी. रद्द झाली. डब्याचा चौकशीत उल्लेखही नाही. शोधनिबंध मागे घेतला गेला नाही. आजही कुणी ना कुणी त्या टेंभळी जातीचा, जगात कुठेच नसलेल्या विषाणूचा, दाखला देतो. सर सत्कार घेऊन, शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. मी परतवाड्याच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. सरांचा मला अजून राग येतो. भाजी गरम करताना येतो, कुठे वर्तमानपत्रात सूक्ष्मदर्शकावर वाकलेला माणूस दिसला की येतो. पण त्या दिवशी टेंभळीत मला वाटलं होतं, की मी काहीतरी मोठं केलं. हात दाखवून अवलक्षण का होईना, पण खरं बोलले. आता गुंफाबाई जवळ घेतील, निदान बस म्हणतील.

जीप गेली, पोलीस गेले. गुंफाबाई उठल्या, लुगड्याची माती झटकली आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"चौदा महिने?"

"हो मावशी."

"खोट्या सह्या करताना तुह्या बापाची याद नाई आली? मास्तराची नाई आली? कोनाच्या तरी दारात कुऱ्हाड जाईन, असं नाई वाटलं?"

"चुकलं माहं," मी म्हणाले. पुस्तकी बोली कुठे गेली कोण जाणे. "मले माफ करजा."

"माफी घालू का थ्या बुडाले? फुटन का थे माफीनं?" त्यांचा आवाज फाटला. मी रडायला लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "रडू नोको. फांद्या उचल. दुपारपावतर काड्या सुकतेत."

मला आधी कळलंच नाही. मग दिसलं, की धुऱ्यावरच्या बायका पुढे आल्या होत्या, चाकू काढत होत्या, बादल्या भरत होत्या. झाड पडलं तरी त्याचे डोळे काही तास जिवंत असतात. पडलेल्या दोन्ही झाडांच्या काड्या कापून ओल्या पोत्यांत गुंडाळायला सुरुवात झाली होती. मी फांद्या ओढल्या, काट्यांनी हात सोलवटून निघाले. जंबेरीच्या ओळींत बायका दोघी-दोघी बसल्या. एकीनं खुंटाला चीर द्यायची आणि डोळा सरकवायचा, दुसरीनं पट्टीनं बांधायचं. बापाच्या घरून ओटीत आलेली ती दोन झाडं त्या शेकडो खुंटांवर पुन्हा चढत होती.

मला कुणी पाणी विचारलं नाही. टेंभळीत दारात आलेल्या भिकाऱ्यालाही पाणी विचारतात.

दुपार कलल्यावर नव्या ओळीला बसताना गुंफाबाईंनी चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आणि पेन माझ्या मांडीवर टाकलं. पट्ट्या दातांत धरलेल्या होत्या, त्यांतूनच बोलल्या. "एका कलमाची एक चिठ्ठी. झाडाचा नंबर, बांधनारीचं नाव, तारीख."

निदान काहीतरी काम दिलं, असं वाटून मी डोळे पुसले आणि मन लावून लिहायला बसले. झाड एक, गुंफाबाई, तारीख. झाड एक, गुंफाबाई, तारीख. भराभर लिहीत गेले. अकरा चिठ्ठ्या झाल्या होत्या, तेव्हा समोरचा चाकू थांबला.

गुंफाबाईंनी दातांतल्या पट्ट्या काढल्या. त्या नव्या ओळीत त्यांची चारच कलमं बांधून झाली होती. त्यांनी माझ्या मांडीवरच्या चिठ्ठ्या उचलल्या, वरच्या चार मला परत दिल्या आणि उरलेल्या सात फाडून मातीत टाकल्या.

"आंधी बांधू दे," त्या म्हणाल्या. "मंग लिह्य."